पिवळी बोटं

"धुऊन धुऊन निघत न्हाय, मंग ती लग्नाची हळदच. दुसरं काय असतंय?" चन्नम्माची चुलती शांताक्का चुलीपाशी पुटपुटली. पुटपुटणं असं, की ओसरीवर जेवणाऱ्या जावयाला नेमकं ऐकू जावं.

भाकरी मोडता मोडता रामलिंगचा हात थांबला. त्या हाताची बोटं पिवळीजर्द होती.

औरंगाबादेत तो कॉलेजात रसायन शिकवायचा. लग्नाला दोन वर्षं झाली तरी चन्नम्मा बेंबळीत आईपाशीच. प्रत्येक सुट्टीला तो यायचा, खोली मिळत नाही म्हणायचा आणि एकटाच मोटारीत बसायचा. यंदा ही बोटं घेऊन आला. वर सदऱ्याला बदामाचा वास.

"तेजाबाचा डाग आहे, अक्का. बेन्झीन म्हणून एक पातळ असतं. बर्फात ठेवून त्यात तेजाब थेंबाथेंबानं सोडायचं. घाई केली की भडकतं. वास त्याचाच."

"सोडून व्हतं काय?"

"बेन्झीनचं एक कडं असतं. त्यातला एक जण बाहेर पडतो, त्या जागी नायट्रो नावाचा नवा येऊन बसतो."

सासूबाईंच्या, गिरिजाबाईंच्या हातातली पळी वरच राहिली.

"आन् बाहेर पडला त्याचं?" शांताक्कानं विचारलं.

"त्याचं पाणी होतं."

मग कुणी भाजीसुद्धा विचारली नाही.

जेवणं उरकल्यावर शांताक्का पानाच्या डब्यातला चुना घेऊन आली. चुना लागला की हळद लाल होते, हे घरी कुंकू करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

"आना बोट, जावईबापू. सोनं आसल तर कसाला भ्यायचं कशाला?"

तेजाबाचा डागही चुन्यानं रंग बदलतो, हे सांगायला रामलिंगनं तोंड उघडलं आणि मिटलं. आता कोण ऐकणार? त्यानं हात पुढं केला. चुना चोळताच पिवळं बोट गडद झालं. शांताक्कानं तोंडाला पदर लावला.

इतका वेळ दाराआड असलेली चन्नम्मा पुढं आली. नवऱ्याचं बोट पदरानं पुसून तिनं उन्हात धरलं.

"हळद न्हाय, आई. हळद कुंकवावानी लाल झाली असती. हे केशरी हाय."

"बघा!" रामलिंग सुटल्यासारखा हसला. "मी काय म्हणत होतो?"

तिनं बोट सोडलं नाही.

"हळद न्हाय. दुसरी बी न्हाय," ती म्हणाली. "मंग मला न्यायचंच न्हाय का तुमास्नी?"