काचेवरचा मुराळी

“यात पोराचा आवाज न्हाई का?”

हरीशचा हात बटणावरच थांबला. हिंगोलीत गाड्यांच्या सामानाचं दुकान टाकल्यापासून गिऱ्हाइकांनी त्याला नाही नाही ते विचारलं होतं. स्क्रीन केवढी, वॉरंटी किती, सिनेमा दिसतो का. पण रस्ता सांगणाऱ्या जीपीएसमधला आवाज बाईचा नको, पोराचा हवा, असं म्हणणारी सखुबाई पहिलीच. बरं, डोंगरकड्याहून पहिली एसटी धरून आलेल्या या बाईकडे स्वतःची गाडीही नव्हती.

गाडी होती लेकीच्या सासरी, मेहकरला. लग्नानंतरची आरोहीची पहिली पंचमी तोंडावर आली होती आणि लेक माहेरी येणार की नाही याचाच पत्ता नव्हता. पहिल्या पंचमीला लेकीला आणायला माहेरचा गडीमाणूस जातो. त्याला म्हणायचं मुराळी. आरोहीला भाऊ नाही. बाप, सोनाजी, पाय प्लास्टरमध्ये घालून बाजेवर पडलेला. चुलतभाऊ पुण्याला, त्यांना सुट्टी नाही. “आई, मला गाडी चालवता येते, मी एकटी येते,” असं आरोही म्हणाली. जावयाने होकार दिला, विहीणबाईंनीही दिला. अडून बसली ती आरोहीची आजेसासू, पारुबाई. “मुराळी आल्याबिगर आमची सून उंबरा वलांडत न्हाई,” असं तिने सांगून टाकलं, आणि त्या घरात पारुबाईच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती.

सखुबाईने रडून पाहिलं, चिडून पाहिलं. मग आज पहाटे भाकरी भाजता भाजता तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि ती तव्यावरची भाकरी तशीच सोडून नवऱ्याकडे पळाली. सोनाजी आधी हसला, मग त्याने उशीखालून हळद विकून आलेले पैसे काढून दिले. त्यातले बरेचसे प्लास्टरनेच खाल्ले होते.

“हे बघा मावशी,” ती दुकानात आल्यावर हरीशने आधी सगळ्यात मोठं यंत्र पुढे केलं होतं. “गाणी, सिनेमा, मागचा कॅमेरा, सगळं हाय यात.”

“गाडी चालवताना लेकराला सिनेमा काहून दाखवायचा? दुसरं काढा.”

दुसरं बरं होतं, पण त्याला इंटरनेट लागायचं.

“आन् रेंज गेली तर?”

“तर थांबतं थोडा वेळ.”

“वाटंत थांबणारा नको.”

तिसरं तळहाताएवढं. सगळे नकाशे आतच भरलेले, काचेला चिकटवायचं की झालं. मराठी बोलायचं आणि किंमतही सखुबाईच्या कमरेच्या पिशवीला झेपणारी. हरीश दुकानदार असून सरळ माणूस होता. तो म्हणाला, “खरं सांगू का मावशी? फोनमध्येच नकाशा असतो, फुकटात.”

“फोन तिच्या सासरचा हाय,” सखुबाई म्हणाली. “हे आपल्याकडून जायला पायजे.”

हरीशला काही उमगलं नाही. पण बाईचा उत्साह असा की त्यालाही चेव आला. त्याने यंत्र स्वतःच्या गाडीत लावलं आणि सखुबाईला शेजारी बसवून बसस्टँडाकडे फेरी मारली. “आता मुद्दाम चुका,” तिने फर्मावलं. हरीश चुकला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि शांतपणे दुसरी वाट सांगितली. सखुबाईने त्याला आणखी एकदा चुकायला लावलं. यंत्र पुन्हा तितकंच शांत. तिने आनंदाने मांडीवर थाप मारली. “चिडका न्हाई! गुणाचा हाय!”

तेव्हाच तिने पोराच्या आवाजाचं विचारलं होतं. हरीशने सेटिंगमध्ये खाली खाली जाऊन शोधलं आणि आतून एक तरणा आवाज बोलला, “पुढे डावीकडे वळा.” सखुबाईने पदर सावरला. घरात परका माणूस आल्यावर सावरतात तसा.

मग तिने तिथूनच आरोहीला फोन लावला. “स्पीकर चालू कर. आजीला बोलव.” खोकल्याचा आवाज आला तशी ती एका दमात बोलली, “आजी, मुराळी धाडून राहिले. उद्याच्या मेहकर गाडीनं पार्सल येतंय. काचेवर बसतो, दर वळणाला बोलतो, लेकीला पार माझ्या दारापर्यंत आणून सोडतो. आता भाऊ न्हाई तर न्हाई, आजी, पण माहेरचा हाय. तुमीच ऐका.”

हरीशला आत्ता कुठे सगळा उलगडा झाला. त्याने घाईघाईने यंत्र फोनजवळ धरलं. “पुढे डावीकडे वळा,” यंत्र म्हणालं.

सखुबाईचा जीव टांगणीला लागला. म्हातारी नाही म्हणाली तर पंचमी गेली, आणि वर हसंही झालं.

“त्याला ओवाळावं लागंल,” पारुबाई शेवटी म्हणाली. “मुराळ्याला तसंच धाडत न्हाईत आमी.”

आरोही फोनवरच किंचाळली. हरीशने पैसे घ्यायच्या आधीच यंत्र खोक्यात भरायला घेतलं. सखुबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती. ती फोन ठेवणार इतक्यात पलीकडून पुन्हा खोकल्याचा आवाज आला. पारुबाईने बहुधा फोन हातात घेतला होता, कारण आता ती अगदी जवळून, हळू बोलत होती.

“सखुबाई, त्याला कनेरगाव ठाऊक हाय का? वाटंतच लागतं. माझं माहेर हाय तिथं. भाऊ गेल्यापासून मला न्यायला कुणीच आलं न्हाई.”