बिनकाट्यांचा सेट

उल्हासनगरच्या दुकानातले हमाल जुना अ‍ॅम्प्लिफायर उचलायला वाकले, तेव्हा श्रीपादराव त्याच्यावर आडवे पडायचेच काय ते बाकी होते. मुलाने एक्स्चेंजमध्ये सीडीचा सेट ठरवला होता. "डिजिटलमध्ये जीव नसतो," असं श्रीपादराव दहादा म्हणाले. कोणी मनावर घेतलं नाही. मोठे लाकडी स्पीकर गेले, आवाजाबरोबर नाचणारे मीटरचे दोन काटेही गेले.

अंबरनाथमध्ये श्रीपादरावांच्या कानाला मान होता. आनंदनगरच्या कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस. रविवारी आठ-दहा मंडळी त्यांच्याकडे गाणं ऐकायला जमत. स्पीकरवर तळवा ठेवून, काट्यांकडे बघत ते डोलायचे. याच बैठकीत बावीस वर्षांपूर्वी त्यांची बायको मालिनी गायली होती. गाणं अर्ध्यावर असताना ते म्हणाले होते, "पुरे. आता रेकॉर्ड लावतो, मंडळी. कान धुऊन घ्या." सगळे खो खो हसले. त्यानंतर मालिनी ओट्यापाशीसुद्धा गुणगुणली नाही.

नवा सेट खेळण्यासारखा हलका होता. काटे नाहीत, नुसते गाण्याची वेळ मोजत पळणारे हिरवे आकडे. तिसऱ्या दिवशी दारावर कोणी आलं म्हणून मालिनीने रिमोटने आवाज पार बंद केला. परत आली तर श्रीपादराव आकड्यांकडे बघत मांडीवर ताल धरून बसलेले. खोलीत पंखा तेवढा वाजत होता. "अहो," तिने मागून हाक मारली. मग मोठ्याने मारली. ते डोलतच राहिले.

तो तळवा, ते काटे, सगळं तिला एकदम कळलं. नवरा आपलं ऐकत नाही, यात तिला इतकी वर्षं काही नवल वाटलं नव्हतं. तिला दया यायला हवी होती. आली नाही. ती त्यांच्या समोर गेली आणि सावकाश म्हणाली, "या रविवारी झाडून सगळ्यांना बोलवा."

बदलापूरहूनसुद्धा मंडळी आली. श्रीपादरावांनी एका नावाजलेल्या गायिकेची सीडी काढून दिली. मालिनीने ती लावली आणि आवाज शून्यावर आणला. आकडे पळू लागले, श्रीपादराव डोलू लागले. मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. शेजारचे शरदचंद्र काही सांगायला उठले, तर तिने त्यांना हातानेच बसवलं.

मग ती नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि गाऊ लागली. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसरीला थरथरला. तिने गाणं सोडलं नाही.

श्रीपादरावांनी आकड्यांवरची नजर न हलवता हात वर केला.

"वा. ऐकताय ना? याला म्हणतात सूर. आमच्या हिला जन्मात लागला नसता."