आईसमोर

“काका, ह्या कोण?” माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं. “नाव सांगा त्यांचं.”

गावाचं नाव यांनी सांगितलं होतं, म्हशीचंही सांगितलं होतं. माझ्यापाशी येऊन मात्र गाडी अडली.

विषाणू थेट यांच्या मेंदूत शिरला होता. ताप, झटके, भलतीसलती बडबड. मणक्यातलं पाणी काढून तपासलं तेव्हा रोग कळला आणि सलाईनमधून औषध सुरू झालं. आता ताप उतरला होता, पण या रोगात आठवण पुसली जाऊ शकते, असं बाईंनी बजावलं होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. म्हैस राहिली आणि मीच पुसले गेले की काय?

मग मी नीट पाहिलं. यांचे कान लाल झाले होते आणि नजर चोरून खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या सासूबाईंकडे जात होती.

“अहो बाई, हे लाजतायत! आमच्याकडे आईसमोर बायकोचं नाव घेत नाहीत.”

“असेल. पण मला त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.”

सासूबाईंनी पदर डोक्यावरून ओढला आणि दोन्ही कान दाबून धरले. “घे रे बाबा एकदाचं. मी झाले बहिरी.”

यांनी मान खाली घातली. “कुमुद,” अगदी हळू म्हणाले.

“बरोबर?” बाईंनी मला विचारलं. मी डोळे पुसायला लागले.

“बरोबर, बरोबर!” सासूबाई पदराआडून ओरडल्या.