पहिली टकटक

आमचे हे जन्मभर बांधकामाआधीची माती तपासत हिंडले. जमिनीत नळी ठोकताना पहिल्या वीतभराचे घाव ते मोजत नसत. वरची माती खरं सांगत नाही, म्हणायचे. घरी आल्यावर दारावरही तेच. पहिल्या टकटकीला मी उठले की बाहेरून हसायचे, "अगं, पहिली धरायची नाही!" दुसरीला उठायचं, असा आमचा नेमच झाला.

ते जाऊन अकरा वर्षं झाली. काल आमच्या अंगणात नव्या इमारतीसाठी नळी उतरवली. तीस फुटांवर हातोडा थांबला, माणसं चहाला बसली.

नळीत खालून टक् झालं.

इंजिनिअर दचकला. "काकू, ऐकलंत?"

"पहिली धरायची नाही," विणकाम बाजूला ठेवत मी म्हटलं.

दुसरी झाली.

मी उठले.