रिकाम्या बाटल्या

“एकही स्त्रीबीज मिळालं नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

दीक्षाची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. धम्मदीप पलंगाची दांडी धरून उभा होता. त्याची आई ललिताबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. अमरावतीहून अकोल्याला तिघं पहाटेच निघाले होते, ते हे ऐकायला.

“बीजं पिकवायचं शेवटचं इंजेक्शन कोणी दिलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मीच,” ललिताबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “नर्स होती मी, अंजनगावले. अर्ध्या गावाले धनुर्वाताचं मीच टोचलं.”

“पावडर न् पाणी, दोन्ही बाटल्या बर्फातच नेल्या होत्या घरी,” धम्मदीप घाईनं म्हणाला.

“पाण्यात विरघळवून टोचायची ती पावडरच कधी खराब निघते. म्हणून तर बाटल्या परत आणायला सांगितलं होतं. दाखवा, नंबर बघते.”

दीक्षानं पर्स जवळ ओढली. आतली डबी उघडून बघितली आणि पर्स मिटली.

“नाहीत. कचऱ्यात गेल्या वाटते.”

“मी तर तुह्या डबीतच ठेवल्या होत्या, बाई.”

“मीनंच फेकल्या, आई.”

“तुले कोनं सांगतलं होतं फेकाले?” धम्मदीपचा आवाज चढला. आता नेमकं काय चुकलं ते कधीच कळणार नव्हतं.

दीक्षानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. “पुढच्या वेळी सगळी इंजेक्शनं दवाखान्यातच घेईन,” ती डॉक्टरांना म्हणाली.

ललिताबाईंचा चेहरा उतरला.

परतीच्या वाटेवर धम्मदीप गाडी चालवत होता. ललिताबाई सारख्या आपला उजवा हात चोळत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“माह्या हातानं कायी चुकलं का वो, दीक्षा?”

“तुमच्या हातानं काय चुकन, आई? माह्यातच खोट असन.”

हे म्हणताना दीक्षाला रडू फुटलं. धम्मदीपनं गाडीचा वेग वाढवला. पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि बायकोला त्याचं काहीच नाही, असं त्याला वाटत होतं.

मूर्तिजापूरला ते चहाला थांबले. ललिताबाईंनी कप घ्यायला हात पुढे केला, तो कपाच्या शेजारी पडला. धम्मदीप फोनवर बोलत होता, त्याच्या ते लक्षात आलं नाही. दीक्षानं कप उचलून त्यांच्या हातात दिला आणि तोंड धुवायला म्हणून टपरीमागे गेली.

तिथं कचऱ्याचा ड्रम होता. तिनं पर्समधून डबी काढली, पुन्हा एकदा उघडली. पाण्याची बाटली रिकामी होती. पावडरीची बाटली भरलेली होती, सीलसकट.