गेनबाची पाठ

“पाठ दुखते का, गेनबा?” डॉ. केळुसकरांनी विचारलं.

“छे हो बाई! तुम्ही पाठीत यंत्र बसवलंत आणि दुखणं कसलं ते विसरलोच. आता दुप्पट पोती उचलतो.”

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मणक्याचा पार चुरा झाला होता. “यंत्र बंद करते. दुखलं तरच थांबाल तुम्ही. रिमोट द्या.”

गेनबाने दारातल्या मुकादमाकडे पाहिलं. सगळ्या हमालांचे रिमोट किल्ल्यांसारखे त्याच्या कमरेला लटकत होते.

“माल उतरायचाय, बाई,” म्हणत मुकादमाने त्यातल्या गेनबाच्या रिमोटचं बटण दाबून यंत्राचा जोर वाढवला. “चल रे, ऊठ.”

गेनबा हसत उठला आणि जागीच कोसळला.

“दुखलं नाही हां, बाई,” तो खालूनच म्हणाला. “फक्त पाय कुठे गेले ते कळेना.”