खांद्यावरचा हात

रुमालात बांधलेला चांदीचा टाक. कंपालाहून नवऱ्यानं पाठवलेली बोटीची तिकिटं. नव्या फ्रॉकवर पाच बोटं.

मुंबईच्या पासपोर्ट कचेरीत कारकुनानं फोटो कोकिळेपुढे सरकवला.

"बाई, पोरीच्या खांद्यावर हा हात कुणाचा?"

कोकिळेचे दोन्ही हात फोटोत मांडीवर होते. मलकापूरचा फोटोवाला म्हणाला होता, "चमकते, काढा." त्यामुळे, मेलेली सवत शांत राहावी म्हणून घातलेला तिच्या नावाचा टाक कोकिळेनं गळ्यातून उतरवून रुमालात बांधला होता.

"वत्सले, कोनं धरलं होतं वं तुले?"

"मायनं धरलं, मावशी."

कोकिळेनं घाईघाईनं टाक गळ्यात बांधला. कचेरीखालच्या स्टुडिओत दोघींनी पुन्हा फोटो काढला. बोट शनिवारी सुटणार होती.

कारकुनानं नवा फोटो पाहिला. "आता हात नाही. पण बाई, फोटोत पोरगीही नाही. तुम्ही एकट्याच जाणार?"

वत्सलेची आई वारली तेव्हा तिची बोटं लेकीच्या खांद्यावरून सोडवायला दोघीतिघी बायका लागल्या होत्या.